गोठवलेली कांडी आणि भीमथडीचं तट्टू

गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणाऱ्याला फोन लावायचा, हे आता गावात कुणाला शिकवावं लागत नाही. तो मोटरसायकलवर येतो, मागे बांधलेल्या कॅनचं झाकण उघडतो, पांढरी वाफ बाहेर पडते. चिमट्याने एक बारीक रंगीत कांडी निघते, आणि चहा व्हायच्या आत माणूस पुढच्या गोठ्याच्या वाटेला लागलेला असतो. कृत्रिम रेतनाला इंग्रजीतही एआयच म्हणतात. म्हणजे आपल्या गोठ्यात एआय संगणकाच्या कितीतरी आधी आलं.

हेच घोडीच्या बाबतीत सांगितलं की मात्र लोक चमकतात. २०२३ मध्ये बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात मारवाडी जातीचं एक शिंगरू जन्मलं. त्याचं नाव राज-प्रथम. एका घोडीच्या पोटात तयार झालेला साडेसात दिवसांचा गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवला होता, आणि त्यातून ते वाढलं. त्यानंतर राज-शीतल नावाची शिंगरी आली. तिची गोष्ट आणखी एक पायरी पुढची: बापाचं वीर्य गोठवलेलं, त्यातून तयार झालेला गर्भही दोन महिने गोठवून ठेवलेला, आणि मग तो दुसऱ्याच घोडीच्या पोटात वाढवलेला. 'टेस्ट ट्यूब घोडा', 'क्लोन घोडा' असे शब्द तेव्हा कानावर पडले. दोन्ही चूक. मग हे नेमकं काय आहे, आणि देशी घोड्यांच्या जाती यातून वाचतील का?

कांडीत असतं काय

असतं ते साधं वीर्य. वळू घोड्याला लाकडी किंवा लोखंडी बैठकीवर, म्हणजे नकली घोडीवर चढायला शिकवतात आणि कोमट पाणी भरलेल्या नळीत वीर्य गोळा करतात. ते गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात पोषक द्रावण मिसळतात. या द्रावणात सायीशिवायचं दूध असतं, अंड्याचा बलक असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही केकची पाककृती वाटली होती. मग अर्ध्या मिलिलिटरच्या नळ्या भरतात, आधी नायट्रोजनच्या गार वाफेत धरतात आणि शेवटी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. तिथलं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस.

या नळीलाच कांडी म्हणतात. उणे १९६ ला पेशीतला सगळा व्यवहार थांबतो, त्यामुळे कांडी दोन वर्षं ठेवा नाहीतर वीस वर्षं, तिला फरक पडत नाही. सिडनी विद्यापीठात १९६८ साली गोठवलेलं मेंढ्याचं वीर्य पन्नास वर्षांनी बाहेर काढून ५६ मेंढ्यांना वापरलं. ३४ गाभण राहिल्या. ज्यांचं वीर्य गोठवून अर्धशतक उलटलं, त्या मेंढ्यांची कोकरं २०१९ मध्ये कुरणात उड्या मारत होती.

गोठवलं तर मरत कसं नाही?

मेथीची जुडी चुकून फ्रीजरमध्ये ठेवली तर काय होतं, आठवा. बाहेर काढल्यावर पानांचा लगदा. पानाच्या पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते सुईसारखे टोचतात आणि पेशीच्या भिंती फाटतात. शुक्राणूचंही तेच होतं. पण त्याच फ्रीजरमधली आटीव दुधाची कुल्फी चमच्याने कापता येते, कारण साखर आणि घट्ट दूध पाण्याला दगडासारखं जमू देत नाहीत. वीर्यात साखरेचं हे काम ग्लिसरॉल करतं. सर्दीच्या औषधात असतो तोच हा गोडसर, चिकट पदार्थ.

हा शोध लागला १९४९ साली इंग्लंडमध्ये, आणि तोही एका बाटलीच्या गोंधळामुळे. ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवायचा प्रयत्न करत होते. एका बाटलीतल्या द्रावणाने अचानक कमाल केली. तपासल्यावर कळलं की त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. आज जगभर जी वासरं कांडीतून जन्मतात, त्यांच्या मुळाशी ती बाटली आहे.

मग गाईला जमतं ते घोडीला का जमू नये?

खरं तर कृत्रिम रेतनाची पद्धत घोड्यांवरच मोठी झाली. रशियात इल्या इवानोव यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घोड्यांसाठी बसवली. पण गोठवायची वेळ आली तेव्हा गाय पुढे गेली आणि घोडा मागे पडला. त्याची कारणं तीन, आणि पहिलं कारण माणसाचंच.

गेली सत्तर वर्षं बैल निवडताना 'याचं वीर्य गोठवून टिकतं का' हा प्रश्न विचारला जातोय. ज्याचं टिकत नाही तो केंद्रातून बाद. घोड्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. घोडा निवडला तो चालीवर, उंचीवर, कानांच्या वळणावर, कपाळावरच्या भोवऱ्यावर. त्यामुळे कितीतरी उमद्या घोड्यांचं वीर्य गोठवून पुन्हा वितळवलं की निम्म्याहून जास्त शुक्राणू निपचित पडलेले दिसतात. तीस टक्के जरी पुढे पोहताना दिसले तरी कांडी पास समजतात.

दुसरं कारण आकड्यांचं. गाईला पाव मिलिलिटरची एक कांडी पुरते, आणि बैलाच्या एका वेळच्या वीर्यातून अशा शेकडो कांड्या होतात. घोडीला अर्ध्या मिलिलिटरच्या साधारण आठ कांड्या एका वेळी लागतात. त्यामुळे घोड्याच्या एका वेळच्या वीर्यात आठ-दहा घोड्यांचंच काम भागतं.

तिसरं कारण घड्याळाचं, आणि ते सगळ्यांत छळतं. गाईचा हिशोब सोपा: सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करायचं, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. घोडी एकदा माजावर आली की पाच ते सात दिवस माजावरच राहते, आणि स्त्रीबीज सुटतं ते या दिवसांच्या शेवटी कधीतरी. नैसर्गिक मिलनात याने काही बिघडत नाही, कारण ताजे शुक्राणू घोडीच्या पोटात दोन दिवस सहज तग धरतात. गोठवून वितळवलेले मात्र बारा तासांत थकतात. त्यामुळे बीज सुटण्याचा क्षण काही तासांच्या अंदाजात पकडावाच लागतो.

रात्री अडीचची सोनोग्राफी

हे मी एकदा जवळून पाहिलंय. पुण्याजवळचा एक खाजगी तबेला, मार्च महिना, मारवाडी घोडी. डॉक्टर दुपारपासून दर सहा तासांनी तिची सोनोग्राफी करत होते. अंडाशयावर बीज ज्या फुग्यात वाढतं, तो पडद्यावर काळ्या गोळ्यासारखा दिसतो. चार सेंटिमीटरच्या आसपास गेला की आता फुटणार असं धरायचं. आदल्या दिवशी तो लवकर फुटावा म्हणून इंजेक्शन दिलेलं होतं. संध्याकाळी साडेआठला गोळा होता. रात्री अडीचला नव्हता.

मग सगळी धावपळ. पाण्याच्या भांड्यात तापमान बरोबर ३७ अंश. आठ कांड्या, ३० सेकंद. प्रत्येक कांडी टिश्यूने कोरडी करायची, कारण साध्या पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कात्रीने टोक कापायचं, सगळं एका सिरिंजमध्ये घ्यायचं आणि लांब, लवचीक नळीने गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकापर्यंत सोडायचं. एक हात कोपराच्याही वरपर्यंत घोडीच्या गुदाशयात, बाहेरून नळीला दिशा देत. मालक कंदील धरावा तसा मोबाइलचा टॉर्च धरून उभा. घोडी बिचारी शांतपणे कडबा चघळत होती.

चौदाव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. गर्भ राहिला असता तर पडद्यावर छोटा, गोल, काळा ठिपका दिसला असता. नव्हता. आठ कांड्या गेल्या, आणि घोडी पुन्हा माजावर यायची वाट बघणं आलं. डॉक्टर म्हणाले, "दहात चार राहिल्या तरी मी देवाला नारळ फोडतो." पहिल्यांदा बघणाऱ्याला हे अपयश वाटतं, पण या कामात तो रोजचा हिशोब आहे. घोडीच्या गर्भाशयाला वितळवलेलं वीर्य सोसत नाही, सूज येते, पाणी साचतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गर्भाशय धुवावंही लागलं होतं.

घोडे किती, यापेक्षा बाप किती

एवढा खटाटोप कशासाठी? २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. टांगे गेले, वरातीची संख्या वाढली तरी वरातीला एकच घोडा पंचवीस लग्नांना पुरतो, आणि डोंगरात रस्ते पोहोचले तसं लादणीचं काम गेलं. लडाखच्या झांस्कर खोऱ्यातला झांस्करी घोडा तीन-चार हजार मीटर उंचीवर ओझं वाहतो. त्याची शुद्ध जनावरं शोधावी लागतात अशी अवस्था आहे. आपल्याकडचं भीमथडीचं तट्टू म्हणजे मराठा फौजेचा कणा. त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद आत्ता कुठे झाली, आणि त्याची संख्या सांगतात ती पाच हजारांच्या घरात.

पाच हजार म्हणजे बरेच की, असं वाटेल. इथेच खरी गंमत आहे. जात टिकेल की नाही हे डोकी मोजून कळत नाही. पुढच्या पिढीचे बाप किती आणि आया किती, यावर ते ठरतं. त्याचं एक जुनं सूत्र आहे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर-माद्यांची बेरीज. समजा हजार घोड्या आहेत आणि त्यांना भरवणारे वळू घोडे पाचच. उत्तर येतं जेमतेम २०. म्हणजे कागदावर हजारावर जनावरं, पण रक्ताच्या हिशोबात वीस जणांचं कुटुंब. तेच वळू पन्नास असतील तर उत्तर १९० होतं. घोड्या तेवढ्याच, एकही वाढली नाही. हा आकडा पन्नासाच्या खाली जाऊ देऊ नये, असं जागतिक अन्न व कृषी संघटनाही सांगते.

लग्न जमवताना आपण सगोत्र टाळतो, त्याच्यामागचा विचार इथे लागू पडतो. सगळं गाव एकाच गोत्राचं झालं तर सोयरीक करायची कुणाशी? जवळच्या नात्यात पिढ्यानपिढ्या पैदास झाली की दबून राहिलेले दोष वर येतात: शिंगरं अशक्त, घोड्या गाभण राहत नाहीत, आजारांना तोंड देण्याची ताकद घटते. याला अंतःप्रजनन म्हणतात.

आता कांडीची खरी किंमत कळेल. झांस्करमधल्या घोडीसाठी दुसऱ्या खोऱ्यातला वळू बर्फातून चालवत आणायला नको, थर्मासएवढं कॅन पुरतं. आज मेलेला घोडा वीस वर्षांनी बाप होऊ शकतो. ज्या रक्ताची आठवणही पुसली गेली असती, ते पुन्हा जातीत मिसळता येतं.

"मग सगळ्यांत देखणा घोडाच गोठवू ना!"

हा आक्षेप नाही, ही सूचना असते. आणि मला ती सगळ्यांत धोक्याची वाटते. सारंगखेड्याच्या बाजारात एखाद्या घोड्याने बक्षीस मारलं की पुढचे दोन हंगाम तालुक्यातल्या सगळ्या घोडीवाल्यांना तोच हवा असतो. पायाने चालणारा घोडा एका हंगामात किती घोड्या भरवणार, याला मर्यादा आहे. कांडीला ती नाही. एकच विजेता घोडा पाच राज्यांत, वीस वर्षं, शेकडो शिंगरांचा बाप होऊ शकतो. मग वरच्या सूत्रात नरांचा आकडा खाली घसरतो. जात वाचवायला आणलेलं तंत्र जातीचा गळा आवळतं, आणि जत्रेत मात्र एकाहून एक देखणी शिंगरं दिसत राहतात.

थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत तर कृत्रिम रेतन चालतच नाही. थरोब्रेडची नोंद हवी असेल तर नर-मादीचं प्रत्यक्ष मिलनच लागतं, जगभर हाच नियम आहे. यामागे पैशाचं राजकारणही आहे, पण एका लाडक्या घोड्याने सगळी जात व्यापू नये, हेही त्यातून काही अंशी साधतं.

म्हणून धोक्यातल्या जातीसाठी कांड्या भरताना उलटा नियम लावावा लागतो. ज्याची शिंगरं आधीच भरपूर आहेत त्याला थांबवायचं. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, जो जातीत बसतो पण नातेसंबंधात दूरचा आहे, त्याला आधी गोठवायचं. दोन-तीन वळूंच्या हजार कांड्यांपेक्षा पंचवीस वळूंच्या चाळीस-चाळीस कांड्या केव्हाही मोलाच्या. मालकाला हे पटवणं गोठवण्यापेक्षा अवघड आहे. "माझा घोडा जिंकला आणि तुम्ही त्याचा लंगडा चुलतभाऊ निवडलात?" याला काय उत्तर देणार!

"घोडीच उरली नाही तर कांडीचं काय करायचं?"

बरोबर मुद्दा. कांडीत अर्धाच घोडा असतो. दुसऱ्या जातीच्या घोडीला ती भरवली तर शिंगरू अर्ध्या रक्ताचं होतं. पुन्हा त्याच जातीच्या कांड्यांनी पाच पिढ्या भरवत गेलं तर रक्त जवळजवळ पूर्ण होतं, पण घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा आणि शिंगरी भरवण्याजोगी व्हायला तीनेक वर्षं. पाच पिढ्या म्हणजे जवळपास वीस वर्षं.

राज-शीतलचं महत्त्व इथे आहे. गर्भ गोठवला की आई-बाप दोघंही एका नळीत येतात, आणि तो वाढवायला कुठलीही धडधाकट घोडी चालते. शिवाय चांगली घोडी एरवी वर्षाला एक शिंगरू देते. तिचे गर्भ काढून दुसऱ्या घोड्यांत ठेवले तर जास्त होतात. ब्रिटनमध्ये सफोक पंच नावाची नांगराच्या ओढीची जात संपत आली आहे. तिथे २०२० मध्ये शिंगरीच जन्मावी म्हणून मादीकडे नेणारे शुक्राणू वेगळे काढून वापरले, आणि शिंगरीच झाली.

क्लोनिंगही झालं आहे. मंगोलियाच्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यांची सगळी आजची पैदास डझनभर पूर्वजांवर उभी आहे. या जातीच्या एका घोड्याच्या कातडीच्या पेशी अमेरिकेतल्या सॅन दिएगोत १९८० मध्ये गोठवल्या होत्या. त्यातून ६ ऑगस्ट २०२० रोजी कर्ट नावाचं शिंगरू जन्मलं, म्हणजे तोच घोडा चाळीस वर्षांनी पुन्हा. पण हा खर्च आपल्या तट्टांसाठी कोण करणार? क्लोन ही शेवटची शिडी. कांडी आज परवडते.

"आणि हे सगळं करून घोड्याचं काम काय?"

याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. कॅनमध्ये जात साठवता येते, जगवता येत नाही. भीमथडीचं तट्टू टिकलं ते धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या बिऱ्हाडांबरोबर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चराईला निघालेला तांडा पुणे-सातारा रस्त्याच्या कडेने जाताना दिसतो, त्यातलं तट्टू बघा. पाठीवर घोंगड्या, भांडी, मेंढरं कोंडायची जाळीची वाघूर, वर बांधलेली कोंबडी, आणि कधी त्या दिवशी जन्मलेलं कोकरू. शेजारून ट्रक जातो तरी कान हलवत नाही. पावशेर दाण्यावर आणि रस्त्याकडच्या गवतावर ते कोसांचं ओझं वाहतं. हा स्वभाव आणि हे पोट तबेल्यात तयार होत नाही. चराईच बंद झाली तर कांडीतून निघालेलं तट्टू नुसतं रूपाचं उरेल.

खच्ची करायच्या दिवशी

तरीही उद्यापासून करता येईल असं एक काम आहे. तांड्यातली बहुतेक नर तट्टं खच्ची केली जातात, नाहीतर वाटेत आवरत नाहीत. खच्ची केल्यावर वृषणं फेकून देतात. जगातलं गोठवलेल्या शुक्राणूंपासूनचं पहिलं शिंगरू कॅनडात जन्मलं, त्याची नोंद १९५७ ची आहे. ते शुक्राणू नकली घोडीवरून आले नव्हते. वृषणाला चिकटून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून काढले होते. आज ही पद्धत प्रयोगशाळांत रुळलेली आहे. अपघातात किंवा पोटदुखीने मेलेल्या घोड्याचंही असंच वाचवतात.

ज्याला कधी नकली घोडीवर चढायला शिकवता येणार नाही, ज्याचा मालक कुठल्या केंद्रात त्याला आणणार नाही, असं तट्टूही यातून त्या पंचवीस वळूंच्या यादीत येऊ शकतं. त्यासाठी खच्ची करणाऱ्या पशुवैद्याने आधी एक फोन करायचा, वृषणं धुऊन स्वच्छ पिशवीत घालायची आणि थर्माकोलच्या डब्यात ठेवायची. बर्फ थेट लागू द्यायचा नाही, मध्ये कापड घालायचं. तापमान चार-पाच अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. डबा चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. पिशवीवर मालकाचं गाव, तट्टाचा रंग, आणि त्याची आई कोणाच्या वाड्यातली, एवढं लिहायचं. शेवटची ओळ विसरायची नाही; नातं माहीत नसलेली कांडी यादीत चढत नाही.